जड नजरेची दामारिस

दामारिस ओरेयाना जन्माला आली तीच मुळी उशिरा. तिची आई मार्गोत सातासमुद्रापलीकडच्या उसुलुतान गावच्या बाजारात पुपुसा थापते, म्हणजे पोटात चीज नि घेवडा दडवलेल्या मक्याच्या भाकऱ्या, आणि थापता थापता गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगते. दाईने सांगितलेली तारीख उलटून गेली, शेजारणींनी बाळंतिणीसाठी आणलेल्या कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या, गावची जत्रा येऊन गेली, तरी पोरगी बाहेर यायचं नाव घेईना. शेवटी आली ती भर दुपारी, बाजार ऐन रंगात असताना. "पोटातूनच खेचर आहे," असं म्हणून मार्गोत पुपुसा उलटते आणि गिऱ्हाईक हसतं. दामारिस तिथे असली तर ती हसत नाही. ती मुकाट्याने कोबीचं लोणचं वाढते आणि मनात म्हणते, खेचर तर खेचर. डोंगर चढायची वेळ आली की लोक घोडा विकून खेचरच आणतात.

हा हट्टीपणा तिने शिक्षणातही आणला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ती रसायनात आपटली, तेव्हा तिथल्या सरांनी तिला मायेने शिवणकाम सुचवलं. पुढच्या खेपेला ती पास झाली आणि त्याच सरांना तिने स्वतः शिवलेला रुमाल भेट दिला. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. सरांना शिवणकामाबद्दलचा आपला सल्ला चुकीचा होता हे तेव्हा पटलं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजातल्या डॉक्टर एवेलियो साराविया यांनी एक पाहणी काढली. किनाऱ्याकडच्या वाड्यांमधल्या आया पोरांना लस टोचायला का आणत नाहीत, हे घरोघर जाऊन विचारायचं. विद्यार्थ्यांनी आपापली वाडी निवडायची होती. ज्यांचे काका-मामा गाडीवाले होते त्यांनी डांबरी रस्त्याच्या वाड्या पटकावल्या. दामारिसच्या वाट्याला आलं एल हिकारो. तिथे पिकअप खाडीच्या बंधाऱ्यापाशी सोडून देते आणि पुढे मिठागरांच्या कडेने पायपीट करावी लागते. साऱ्या किनाऱ्यावर लशीचा आकडा सगळ्यात खाली होता तो ह्याच वाडीचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: वाडी पूर्ण झाली तर वर्ष पूर्ण, वाडी अपुरी तर वर्ष पुन्हा. मार्गोतने चुलीमागच्या खिळ्यावर लेकीची नर्सची पांढरी टोपी आधीच टांगून ठेवली होती. तिला धूर लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवीही घातली होती.

डॉक्टर साराविया हा माणूस इस्त्रीचा. शर्टाला इस्त्री, मिशांना इस्त्री, वाक्यांनाही इस्त्री. त्यांनी मुलांना शिकवलं की संशोधकाने भिंतीसारखं असावं. भिंत कौतुक करत नाही, नाक मुरडत नाही, कुणाच्या पोराला उचलत नाही. हात स्वच्छ ठेवायचे, हातभर अंतर ठेवायचं, चेहरा कोरा ठेवायचा. मान डोलवायची नाही, कारण मान डोलावली की समोरची बाई तुम्हाला आवडेल ते बोलायला लागते. दामारिसने हे सगळं पाठ केलं. आरशासमोर उभं राहून तिने कोऱ्या चेहऱ्याचा सराव केला तेव्हा मार्गोतने विचारलं, "पोट दुखतंय का गं?"

एल हिकारोतलं पहिलं घर निन्या लीचाचं. त्या मुलखात सत्तरी ओलांडलेल्या बाईलाही मान द्यायचा तर 'निन्या', म्हणजे 'मुली', म्हणतात, आणि निन्या लीचाला तो मान कमी पडतो असंच तिच्याकडे पाहून वाटायचं. खारफुटीच्या चिखलात शिंपले वेचून तिने आयुष्य काढलं होतं. डास पळवायला तोंडात चिरूट धरायची सवय लागली ती घरीही सुटली नव्हती. चिरुटाच्या धुरातून ती माणसाकडे अशी पाही, की तो शिंपलाच आहे आणि ताजा आहे का नाही हे ठरायचं आहे. तिच्यासोबत तिची नात ब्रिसेइदा राहायची, आणि ब्रिसेइदाच्या मांडीवर तिचा सात महिन्यांचा विल्बर.

आता विल्बरबद्दल सांगितलंच पाहिजे. असं बाळ देव रोज करत नाही. मनगटावर घड्या, मांडीवर घड्या, मानेचा पत्ता नाही, आणि हसला की गाल डोळे गिळून टाकायचे. दामारिसने पहिले प्रश्न कोऱ्या चेहऱ्याने विचारले. मग विल्बरने तिच्याकडे पाहून दोन्ही हात पसरले आणि भिंतीला तडा गेला.

"अगं बाई, किती गोड आहे," दामारिस म्हणाली.

आणि एवढं बोलल्यावर तिला डॉक्टर आठवले. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि हातभर मागे सरकली.

इथेच सगळं बिघडलं. आपल्याकडे दृष्ट लागते ती बहुधा मत्सराची. तिकडे ती निव्वळ कौतुकाची लागते. उन्हातून चालून आलेला, अंग तापलेला माणूस पोराकडे बघून भाळला की त्याच्या नजरेतली ऊब पोरात उतरते. त्यात त्याचा काही दोष नसतो आणि त्यावर उपाय अगदी सोपा: कौतुक केलंत ना, मग पोराला हात लावा. गाल ओढा, टाळू कुरवाळा, कडेवर घ्या, नजर उतरली. दामारिसने डॉक्टरांचा नियम पूर्ण पाळला असता तर काही झालं नसतं. पूर्ण मोडला असता तर त्याहून बरं झालं असतं. तिने तो अर्धा मोडला. लीचाच्या तोंडातला चिरूट तेवढा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि फॉर्म भरून होताच दामारिस आनंदाने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वाडीत एकाही बाईला वेळ नव्हता. तोंडावर 'नाही' म्हणायची त्या मुलखात पद्धतच नाही. एकीचा घेवडा चुलीवर होता, तो उतरला असता पण चुलीला वाईट वाटलं असतं. दुसरीचा नवरा घरी नव्हता. तिसरीचा नवरा घरी होता. चौथीने दारामागूनच सांगितलं की ती बाहेर गेली आहे. दामारिस न कंटाळता शेवटच्या घरापर्यंत गेली आणि परत फिरली, तेव्हा अंगणातल्या एका बाईने तिला पाहून मांडीवरच्या पोरावर घाईघाईने टॉवेल टाकला. पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री टाकतात तसा. दामारिस जागीच थबकली. मग मिठागरांपर्यंतची वाट तिने एकही शब्द न बोलता कापली. सोबत कोणी नव्हतं, तरी एरवी ती स्वतःशी बोलते.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. मार्गोतचे पिठाचे हात हवेतच थांबले.

"आणि हात नाही लावलास?"

डॉक्टरांनी मनाई केली आहे, असं दामारिसने समजावलं. मार्गोतने ते ऐकूनच घेतलं नाही. लहानपणी मनगटावर लाल दोरा बांधून, बाजारातल्या प्रत्येक कोळणीकडून गालगुच्चे घेऊन वाढवलेली ही पोर. हिला कोणी शिकवावं लागतं का? दुसऱ्याच्या लेकराला गोड म्हणायचं आणि कुष्ठरोगी असल्यासारखं मागे सरायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

"दृष्ट असते का नसते ते तुझे डॉक्टर बघतील," ती म्हणाली. "पण रीत तर असते ना? मी तुला काय माकडांत वाढवलं? उद्या जा. उन्हातून जा. छत्री नेलीस तर बघ."

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते अजिबात रागावले नाहीत, आणि दामारिसला त्याचंच वाईट वाटलं. एल हिकारोपुढे 'नकार' लिहून मोकळं व्हा, असं त्यांनी सुचवलं. असं होतं, आकडेवारीत त्यालाही जागा असते. तिच्या वर्षाचं काय, असं तिने विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं.

"त्यांनी नकार दिलेला नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांनी दार लावलंय. ते माझ्यामुळे लागलंय. मी उघडून येते."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दुपारची पिकअप धरली. मिठागरांवर ऊन असं पडलं होतं की बगळेसुद्धा एका पायावर उभं राहताना पाय बदलत होते. अंगात पाहणीचा पिवळा टी-शर्ट होता, त्याच्या छातीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तुमचं मत मोलाचं आहे'. लीचाच्या अंगणात ती पोचली तेव्हा त्या मोलाच्या मताला निथळून पाणी गळत होतं.

आत विल्बर कुरकुरत होता. दामारिसने प्रश्न काढले नाहीत. परवा आपण पोराचं कौतुक केलं आणि हात न लावता गेलो, ते चुकलं, असं तिने सांगितलं. लीचाने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. शिंपला उघडतोय का, ते बघत असावी.

"काढ तो शर्ट," लीचा म्हणाली.

हाच तिथला उपाय. ज्याची नजर लागली त्याच्या घामाच्या कपड्यात पोराला गुंडाळायचं. दिलेली ऊब ज्याची त्याला परत. आडोशाला जाऊन दामारिसने टी-शर्ट उतरवला. ब्रिसेइदाने तिला बदली म्हणून आपला लग्नाच्या वरातीत घातलेला टिकल्यांचा ब्लाउज दिला. दामारिस ब्रिसेइदाच्या दीडपट होती. ब्लाउज अंगात शिरला, पण श्वास घ्यायला जागा उरली नाही. टिकल्या मात्र अशा चमकत होत्या की अंगणातली कोंबडी बिचकून मागे सरली.

विल्बरला पिवळ्या टी-शर्टात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं. दामारिसने सोबत आणलेला थर्मामीटर त्याच्या काखेत लावला. थोडीशी कसर होती, ताप म्हणण्याइतका नव्हता. स्वच्छ धुतलेलं बोट हिरडीवर फिरवलं तर खाली कडक लागलं. दात येतोय, हे तिने लीचाला सांगितलं. ताप चढला, किंवा त्याने दूध सोडलं, तर थेट दवाखान्यात आणा, हेही सांगितलं.

"दात येतोच आहे," लीचा शांतपणे म्हणाली. "दात त्याचा, दृष्ट तुझी. दोन्ही एका दिवशी येऊ नयेत असा काही कायदा आहे?"

दामारिसच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ती पडली खेचर. वाद तिने आजवर कधी सोडला नव्हता. पण हा वाद जिंकून बाहेर पडलो तर मागे पुन्हा दार लागेल, हे तिला दिसत होतं. तिने उत्तर गिळलं. त्या ब्लाउजमध्ये तेही सोपं नव्हतं.

मग ती नुसती बसली. विल्बर तिच्या घामाच्या वासात नाक खुपसून झोपी गेला. ही खबर वाडीभर पसरायला भिंतीला कान असण्याची गरज नव्हती. तिथे भिंती ताडाच्या झावळ्यांच्या. एकेक बाई काही ना काही मागायच्या निमित्ताने येऊ लागली. कोणी मीठ मागायला आली, आणि तीही मिठागराशेजारच्या वाडीत. टिकल्यांतली नर्सबाई बघून प्रत्येकीने तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला आणि मनसोक्त हसून घेतलं. एकीने विचारलं, वरात कुठे निघाली? दामारिस म्हणाली, नवरा मिळाला की सांगते, तोवर ब्लाउज फाटला नाही म्हणजे मिळवलं. ज्या झाडावरून वाडीला नाव पडलं त्या हिकारोच्या बियांचं थंडगार सरबत आलं. कोऱ्या चेहऱ्याचा कुठे मागमूस राहिला नव्हता.

बोलता बोलता ब्रिसेइदाने आपल्या थोरलीची गोष्ट काढली. तिला लस टोचली आणि रात्रभर पोर तापाने फणफणली. म्हणून विल्बरला नेलंच नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दामारिसनेही डोलावली. फॉर्मात ह्याचं उत्तर तयार होतं, 'दुष्परिणामांची भीती', तिथे फुली मारली की काम झालं. पण लीचाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. म्हणून फॉर्मात नसलेला प्रश्न दामारिसने विचारला: सुईला भिता का?

लीचाने चिरूट हातात घेतला. तो ती फक्त महत्त्वाचं बोलायचं असलं तरच काढायची.

"सुईला कोण भितंय? सुई बिचारी आंधळी. आम्ही ओफेलियाच्या डोळ्यांना भितो."

आणि मग त्या सगळ्या मिळून बोलू लागल्या. निन्या ओफेलिया ही लसवाली नर्स, डोंगराकडची, डोळे हिरवे काचेसारखे. मनाने सोनं. पेटी उचलून उन्हातून लालबुंद होऊन यायची, प्रत्येक बाळाला 'कित्ती सुंदर' म्हणायची आणि लगेच टोचायची. हातमोजे घालून. हात लागायचा तो रबराचा. रबर लावून कुणाची नजर उतरलीय? तिच्या आधीची नर्स काळीसावळी, तोंडाची फाटकी, पण पोराला आधी कडेवर घ्यायची, मुका घ्यायची, मग सुई. तेव्हा शाळेच्या पडवीत रांग मावत नव्हती. हे ओफेलियाला कोणी सांगितलं का, असं दामारिसने विचारलं तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने कुणाचं लुगडं फाडलं. इतक्या चांगल्या बाईला असं तोंडावर कोण सांगेल?

लशीनंतर एक-दोन दिवस अंग कोमट होणं ही लस कामाला लागल्याची खूण असते, हे दामारिसने समजावून सांगितलं. लीचाने ऐकून घेतलं, जसं दाताचं ऐकलं होतं. मग दामारिसने घरोघर जाऊन राहिलेले फॉर्म भरले, आणि प्रत्येकावर सगळ्यात खाली जिथे 'इतर' असं लिहून मुंगीला आडवं व्हायलाही पुरणार नाही एवढी जागा सोडली होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: नर्स पोराला आधी घेत नाही.

डॉक्टरांना तिने काहीही लपवलं नाही. शर्ट, ब्लाउज, सरबत, मांडीवरचा विल्बर, सगळं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री मोडली. भिंत कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. तुम्हीच त्यांच्यातल्या एक झालात तर त्या तुम्हाला खुश करायला काहीही सांगतील. एल हिकारोचे फॉर्म धरायचे की फेकायचे, हे ते लशीच्या दिवशी स्वतः येऊन बघणार होते. पडवी रिकामी असली तर वाडी बाद, आणि तिचं वर्षही. दामारिस म्हणाली, या. उन्हाचं या.

त्याआधी ती ओफेलियाकडे गेली. तिच्या तोंडावर सांगायचं काम वाडीने इतकी वर्षं टाळलं होतं, ते तिने दोन वाक्यांत उरकलं. ओफेलिया आधी संतापली, मग शुद्धीवर आल्यासारखी खाली बसली. बाया आपल्याला का टाळतात हे कोडं तिलाही सुटलं नव्हतं. आपला हात जड आहे, सुई पोरांना दुखते असं समजून ती गेली दोन वर्षं संत्र्यांना टोचून सराव करत होती. "संत्री वाया घालवली," एवढंच ती म्हणाली, आणि तिचे हिरवे डोळे भरून आले. आधी साबणाने हात धुवायचे, उघड्या हाताने बाळ घ्यायचं, मग पुन्हा धुऊन मोजे, मग सुई, असं दोघींनी ठरवलं.

लशीच्या दिवशी शाळेच्या पडवीत रांग लागली. फार मोठी नव्हती. वाडी अजून अंदाज घेत होती. पुढून तिसरी ब्रिसेइदा, तिच्या कडेवर दोन दातांचा विल्बर. ओफेलियाने पहिल्या बाळाला उचलून असा मुका घेतला की बाळाआधी आईच दचकली. रांगेने श्वास सोडला. मागून आणखी दोघी-तिघी आल्या.

तेवढ्यात जीप थांबली आणि डॉक्टर साराविया उतरले. पांढरा शुभ्र शर्ट, हात पाठीमागे. निरीक्षण करायला आलेला माणूस पडवीभर फिरला आणि विल्बरसमोर येऊन उभा राहिला. विल्बरने हात पसरले आणि हसला. गालांनी डोळे गिळले.

"वा," डॉक्टर म्हणाले, "काय गुटगुटीत पोरगं आहे." आणि हातभर मागे सरकले.

पिशव्यांतून टॉवेल निघाले. रांगेच्या शेपटाकडच्या बायकांना अचानक चुलीवरचे घेवडे आठवले. एक पायरी उतरली, तिच्यामागे दुसरी. ओफेलिया सुई हातात धरून दामारिसकडे पाहू लागली. दामारिसने पाहिलं की आपलं अख्खं वर्ष एका मागोमाग एक पायऱ्या उतरून चाललंय.

"डॉक्टर, त्याला हात लावा," ती म्हणाली.

"मी इथे फक्त बघायला..."

"तेच तर चुकलं. बघून झालं, आता घ्या."

एखाद्या विद्यार्थिनीने आपल्याशी अशा आवाजात बोलावं ह्याची डॉक्टरांना सवय नव्हती. पण मागे वळून त्यांनी पायऱ्यांवरच्या पाठमोऱ्या बायका पाहिल्या, विल्बरवर पडत असलेला टॉवेल पाहिला, आणि ते हुशार होते. इस्त्री डोक्यापर्यंत पोचली नव्हती. त्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि विल्बरला घेतलं. भरलेली घागर आयुष्यात पहिल्यांदा उचलणाऱ्या माणसासारखं घेतलं, पण घेतलं. विल्बरने त्यांची मिशी पकडली. पायरीवरची बाई थांबली.

लीचा पुढे आली. चिरूट काढून तिने डॉक्टरांचा शर्ट दोन बोटांत चिमटला आणि नापसंतीने सोडला.

"हात उशिरा लावलात, आणि शर्ट कोरडा ठाक. असल्या शर्टात पोर गुंडाळून काय उपयोग? गाडीतून येतात मेले. मैदानाला फेऱ्या मारा जरा."

डॉक्टरांनी दामारिसकडे पाहिलं. दामारिसचा चेहरा कोरा होता. इतके दिवस केलेला सराव शेवटी कामी आला. मग एवेलियो साराविया, ज्यांची सावलीसुद्धा कधी चुरगळली नव्हती, भर दुपारी शाळेपुढच्या फुटबॉलच्या मैदानाला फेऱ्या घालू लागले, आणि गोलखांबाला बांधलेल्या डुकराने त्यांना प्रत्येक फेरीला नीट पाहून घेतलं. पायऱ्यांवरच्या बायका परत वर आल्या. रांग पडवीतून बाहेर अंगणात गेली.

तिसऱ्या फेरीला डॉक्टर पडवीजवळून धापा टाकत जाताना म्हणाले, "ओरेयाना, त्या 'इतर'च्या रकान्यात किती जणी आहेत?"

"सगळ्या, डॉक्टर."

ते थांबले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि हात वर करून, फॉर्म धरले असं सांगितल्यासारखी मान हलवली. संशोधकाने मान हलवायची नसते.

दामारिस बघत उभी राहिली नाही. तिने हात धुतले, रांगेतल्या पुढच्या बाळाला कडेवर घेतलं, आणि मग त्याचं नाव विचारलं.